कॉलेजात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी 'पॉश' प्रशिक्षण: तीन तासांत हाती काय लागतं?

लायब्ररीच्या काउंटरवर बसणारी एम.ए.ची मुलगी, कॉम्प्युटर लॅबच्या चाव्या सांभाळणारा बी.सी.ए.चा मुलगा, हॉस्टेलात मजल्याची हजेरी घेणारी सीनियर, एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरातली गटप्रमुख. कॉलेजच्या दप्तरात ही मुलं विद्यार्थी, कामाच्या वेळी कर्मचारी. मानधन हातखर्चापुरतं, कुठे तेही नाही. पण एखाद्या मुलीला कुणी त्रास दिला, तर प्राचार्यांच्या केबिनचं दार वाजवायच्या आधी ती यांच्यापाशीच येऊन बसते. वय जवळचं, भाषा एक, आणि संध्याकाळी सातपर्यंत जागेवर सापडणारी माणसं हीच. ऐकून तर घेतलं, आता कुणाला कळवणं बंधनकारक, कुणाला सांगितलं तर उलट आपणच अडकू, हे मात्र यांना कुणी शिकवलेलं नसतं.

ही उणीव भरायला बेळगाव परिसरातली काही कॉलेजं बाहेरच्या संस्थेला बोलावून 'पॉश' प्रशिक्षण, म्हणजे कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्याच्या कायद्याचं प्रशिक्षण, ठेवतात. त्यातल्याच एका सत्राचं हे परीक्षण. संस्थेचं नाव देत नाही. मुद्दा मजकुराचा आहे. स्वरूप असं: तीन तास, मध्ये दहा मिनिटांचा चहा, चाळीस जणांची तुकडी, ४६ स्लाइड, २४ पानांची पुस्तिका, शेवटी २० प्रश्नांची चाचणी, १४ बरोबर आले की प्रमाणपत्र. प्रशिक्षक मराठी-कन्नड दोन्ही सफाईनं बोलणाऱ्या. पुस्तिका मात्र इंग्रजी आणि कन्नड, मराठीत एक पानही नाही.

आधी जमलेलं सांगतो. पहिला पाऊण तास उत्तम आहे. जोड्या पाडतात. एकीनं बोलायचं, दुसरीनं ऐकायचं. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळी खोली एकच चूक करते: समोरची "कुणाला सांगणार नाहीस ना?" म्हणाली रे म्हणाली की ऐकणारा बोलून जातो, "आईशप्पथ, कुणाला सांगत नाही, बोल." प्रशिक्षक तिथंच थांबवतात. ही शपथ पाळली तर कदाचित कायदा मोडेल, मोडली तर त्या मुलीचा उरलासुरला विश्वास जाईल. दुसऱ्या फेरीत तेच संभाषण नव्यानं: "थांब, तू सांगायच्या आधी माझं ऐक. मी इथं कामाला आहे. सगळंच माझ्या पोटात राहील असं वचन मला देता येणार नाही. पण तुला न सांगता मी कुठं जाणार नाही." तिसऱ्या फेरीपर्यंत हे वाक्य तोंडात बसतं. ते बसायलाच हवं, कारण प्रत्यक्षात समोरची मुलगी रडत असताना ते आठवत बसायला वेळ नसतो.

त्याच सरावात 'का'ला बंदी आहे. "तू तिथं गेलीसच का?", "तेव्हाच का नाही बोललीस?" हे प्रश्न ऐकणाऱ्याला काळजीचे वाटतात, सांगणारीला उलटतपासणीचे. त्याजागी एकच प्रश्न: "मग काय झालं?" तोही दोन-तीनदाच. चौकशी करणं हे काउंटरवरच्या मुलीचं काम नाही, कॉलेजच्या लैंगिक छळ तक्रार समितीचं आहे. जितके जास्त जण तिच्याकडून गोष्ट वदवून घेतील तितके तिच्या सांगण्यात बारीक फरक पडत जातात, आणि पुढे बचावाचा वकील नेमके तेच धरतो.

आता जिथं सत्र घसरतं ती जागा. चाचणीतला अकरावा प्रश्न जसाच्या तसा पाहा. 'तुम्ही कॉलेजच्या लायब्ररीत काम करता. एक विद्यार्थिनी सांगते की एका शिक्षकानं तिला नको तिथं हात लावला. ती म्हणते, कुणाला सांगू नका. तुम्ही काय कराल? अ) गुपित ठेवाल. ब) ताबडतोब प्राचार्यांना कळवाल. क) पोलिसांना कळवाल. ड) तिच्या वर्गशिक्षकांना सांगाल.' उत्तरपत्रिकेत 'ब' बरोबर धरलंय.

मुलीचं वय प्रश्नात कुठंच नाही. आणि वयाशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा लागतो. त्याचं कलम १९ 'कोणतीही व्यक्ती' म्हणतं: फक्त शिक्षक नव्हे, फक्त वॉर्डन नव्हे. गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्यानं विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. प्राचार्यांना सांगून ही जबाबदारी सुटत नाही. कायद्यात प्राचार्य हा पत्ताच नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेनं माहिती देणाऱ्यावर मात्र दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही कलम १९ मध्येच लिहिलंय. काम करणारा विद्यार्थी स्वतःच अठराच्या आतला असेल तर न कळवल्याची शिक्षा त्याला लागू नाही. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीसाठी बरोबर उत्तर 'क'. 'ब' लिहून चौदा गुण मिळवलेला मुलगा प्रमाणपत्र खिशात घालून कायदा मोडेल.

सीमाभागात हा प्रश्न पुस्तकी नाही. इथं पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) आणि डिग्री कितीतरी ठिकाणी एकाच कंपाउंडात: एक लायब्ररी, एक कँटीन, एक बस. पीयूसीची मुलगी सोळा-सतराची, दहावीनंतर डिप्लोमाला आलेलीही साधारण तेवढीच. डिग्रीच्या पहिल्या वर्षाला जूनमध्ये प्रवेश घेतलेली मुलगीसुद्धा डिसेंबरपर्यंत सतराचीच असू शकते. ओळखपत्रावर जन्मतारीख असते, ती पाहावी. वर्ग विचारून वय धरू नये. हॉस्टेलची जबाबदारी असणाऱ्यांनी महाराष्ट्रातलं एक प्रकरण वाचून ठेवावं: चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींवरील अत्याचाराची माहिती असून कळवली नाही, असा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं. सत्रात याचा उल्लेख नाही. पॉक्सोला एकूण मिळून एक स्लाइड, तीही चहाच्या आधीच्या घाईत.

मुलगी सज्ञान असेल तर चित्र उलटं होतं. २०१३ चा पॉश कायदा सहकाऱ्यावर कळवण्याची सक्ती करत नाही. तक्रार तिची, निर्णय तिचा. तिच्या वतीनं दुसऱ्यानं तक्रार द्यायची वाट आहे, पण ती बहुतेक वेळा तिच्या लेखी संमतीतून जाते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या विनियमांतही मित्र, नातेवाईक, सहविद्यार्थी तक्रार देऊ शकतात ते ती स्वतः शारीरिक वा मानसिकदृष्ट्या देऊ शकत नसेल किंवा हयात नसेल तेव्हा. कॉलेजनं स्वतःच्या नियमात 'कर्मचाऱ्यानं कळवलंच पाहिजे' असं घातलं असेल तर ती कॉलेजची अट झाली, कायद्याची नव्हे. आणि अशी अट असेल तर ती नेमणुकीच्या पत्रात छापलेली हवी. तोंडी 'तुम्हाला कळवावं लागेल हं' याला अर्थ नाही. म्हणजे सज्ञान मुलीसाठी अकराव्या प्रश्नाच्या चारही उत्तरांत बरोबर एकही नाही. बरोबर उत्तर असं असतं: समितीच्या अध्यक्षांचं नाव आणि नंबर तिच्या हातात द्या, अर्ज लिहायला मदत करा, ती म्हणेल तेव्हा सोबत जा. जिवाला धोका दिसत असेल तर ११२.

ही गल्लत कुठून आली ते स्लाइड पाहिल्यावर उमगतं. मधल्या सातआठ स्लाइड अमेरिकेतून उचललेल्या आहेत. एका कोपऱ्यात 'टायटल नाइन' तसंच राहून गेलंय. तिथं शिक्षणसंस्थांतल्या लिंगभेदाविरुद्धच्या १९७२ च्या त्या कायद्याखाली बऱ्याच विद्यापीठांनी आपल्या धोरणात रेसिडेंट असिस्टंट (हॉस्टेलच्या मजल्याची जबाबदारी असलेला विद्यार्थी) यांसारख्या विद्यार्थी-कर्मचाऱ्यांना कळवण्याची सक्ती केली आहे: ऐकलं की टायटल नाइन समन्वयकाकडे जायचं, मुलीची इच्छा असो नसो. तिथंही देशभर एकसारखा नियम आहे असं नाही. टायटल नाइनची २०२४ ची नवी नियमावली ९ जानेवारी २०२५ ला तिथल्या संघीय न्यायालयानं रद्द केली आणि २०२० ची जुनी परत लागू झाली. बेळगावातून एम.एस.ला गेलेली मुलं तिथं आठवड्याला वीस तास कॅम्पसवर काम करतात, त्यांना हे शिकणं भागच आहे. इथल्या लायब्ररीतल्या मुलीला ते शिकवलं तर ती सज्ञान मैत्रिणीची गोष्ट तिच्या मनाविरुद्ध वर पोचवते, आणि सतरा वर्षांच्या मुलीची नको तिथं अडवून ठेवते. दोन्हीकडून नुकसान.

एक गोष्ट मात्र सत्रानं नीट पकडलीय, ती नोंदवायला हवी. यूजीसीच्या विनियमांत 'कर्मचारी' शब्दात प्रशिक्षणार्थी, इंटर्न, स्वयंसेवक, अध्यापन सहाय्यक, संशोधन सहाय्यक असे सगळे येतात, मग नेमणूक असो नसो; क्षेत्रभेटी, प्रकल्प, शिबिरंसुद्धा. म्हणजे मानधन न घेणारी एनएसएसची गटप्रमुखही यात आली. 'कॅम्पस'मध्येही कॉलेजची बस, अभ्याससहल, शिबिराचं गाव, क्रीडास्पर्धेचं मैदान धरलंय. निपाणीहून किंवा खानापूरहून येणाऱ्या कॉलेजच्या बसमध्ये झालेली गोष्ट समितीच्या कक्षेतली. सरकारी बसमध्ये अनोळखी माणसानं केलेली पोलिसांची. हा फरक प्रशिक्षकांनी फळ्यावर बसचं चित्र काढून दाखवला, चांगला दाखवला.

भाषेचा मुद्दा सत्रात पाच मिनिटांत उरकला गेला. आमच्या मते तो अर्धा तास मागतो. इथली मुलगी सांगताना म्हणते, "तो सारखा अंगाशी येतोय", "मागं लागलाय", "वाईट बोलला", "छेड काढली". पुस्तिकेतला नमुना अर्ज इंग्रजीत आहे, म्हणून मदत करणारा मुलगा या चारही वाक्यांचं भाषांतर एकाच शब्दात करून टाकतो: 'मिसबिहेव्ह'. कन्नडमध्ये लिहिलं तर 'असभ्य वर्तने'. झालं, कलमच गेलं. 'अंगाशी येतो' म्हणजे स्पर्श आहे का? असेल तर भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ७५ मध्ये तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा भाग. बळजोरी असेल तर कलम ७४. 'वाईट बोलला' हे अश्लील शेरे असतील तर त्याच ७५ चा एक वर्षापर्यंतचा भाग. 'मागं लागलाय' म्हणजे नको म्हणूनही रोज बसस्टॉपवर उभा राहतो, फोन करतो? ते कलम ७८, पाठलाग. आणि 'छेड काढली' यात तर शिट्टीपासून हात धरण्यापर्यंत काहीही बसतं. म्हणून अर्जात तिचे शब्द मराठीतच, अवतरणचिन्हात, जसेच्या तसे लिहावेत आणि खाली हवं तर भाषांतर द्यावं.

"मराठीत अर्ज चालेल का?" हा प्रश्न इथं प्रत्येक वेळी निघतो. समितीकडची तक्रार कुठल्या भाषेत हवी हे पॉश कायद्यात कुठंच नाही. सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडायचं असेल तर राज्यघटनेचं कलम ३५० आहे: देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. पॉक्सोमध्ये तर स्पष्टच आहे, नोंद मुलाला न कळणाऱ्या भाषेत होत असेल तर दुभाषा द्यायचा. पोलीस ठाण्यात फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाणार हे धरून चालावं. सही करायच्या आधी ती मराठीत वाचून दाखवायला सांगावं आणि तिचे शब्द त्यात उतरलेत का ते पाहावं. हे सोबत जाणाऱ्याचं सगळ्यात मोठं काम, आणि सत्रात याचा सराव नाही.

मुदती पुस्तिकेत बरोबर आहेत. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, कारण दाखवल्यास आणखी तीन. समितीनं सात दिवसांत समोरच्याला प्रत द्यायची, त्यानं दहा दिवसांत उत्तर. चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, संस्थेनं कारवाई तीस दिवसांत. विद्यार्थ्याचं प्रकरण असेल तर समितीवर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन स्तरावरचे तीन निवडून आलेले विद्यार्थी हवेत, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांपैकी कुणी सदस्य असता कामा नये. चौकशी रेंगाळणं वाईट, तशी घाईही: गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाची लैंगिक छळाच्या तक्रारींवरून झालेली बडतर्फी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये रद्द केली, कारण समितीनं त्याला पुरेशी संधी न देता चौकशी उरकली होती. तक्रारदार मुलींची बाजू खरी की खोटी हा प्रश्नच तिथं बाजूला पडला.

चौकशी चालू असताना मुलगी रोज त्याच शिक्षकाच्या तासाला बसणार का? नाही. तीन महिन्यांपर्यंत रजा, दोघांपैकी एकाची बदली, त्या शिक्षकाकडून तिचे पेपर काढून घेणं, हे सगळं समितीकडे मागता येतं. पण ते लेखी मागावं लागतं, आपोआप मिळत नाही. पुस्तिकेत ही मागणी छोट्या अक्षरात १९ व्या पानावर आहे. ती पहिल्या पानावर हवी होती.

सर्वांत धोक्याची स्लाइड पस्तिसावी: 'आपल्या वरिष्ठांमार्फत कळवा.' विद्यार्थी-कर्मचाऱ्याचे वरिष्ठ म्हणजे ग्रंथपाल, लॅब इन्चार्ज, वॉर्डन. तक्रार त्यांच्याचबद्दल असेल तर? किंवा त्यांच्या मित्राबद्दल? थेट समितीच्या अध्यक्षांकडे जायचं, मधली पायरी नाही. संस्थेच्या मालकाविरुद्धच तक्रार असेल तर जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती आहे. शिवाय 'मार्फत' म्हटलं की गोष्ट तीन कानांवरून जाते. पॉश कायद्याचं कलम १६ तक्रारीचा मजकूर आणि नावं बाहेर फोडायला मनाई करतं. मोडणाऱ्याला ५,००० रुपये दंड. मेसमध्ये कुजबुज सुरू झाली की ती कुठून सुरू झाली ते शोधलं जातं, आणि बोट पहिल्यांदा विद्यार्थ्यांकडेच दाखवतात.

पुराव्यावर सत्र उणं. 'स्क्रीनशॉट घ्या' एवढंच. स्क्रीनशॉट तिच्याच फोनवर राहू द्यावेत, आपल्या फोनवर मागवू नयेत, ग्रुपवर तर नाहीच. अठराच्या आतल्या मुलीचा अश्लील फोटो जवळ ठेवणं किंवा पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली स्वतंत्र गुन्हा आहे. चॅट डिलीट करू नये, फोन फॉरमॅट करू नये. सीसीटीव्हीचं चित्रण जुनं आपोआप पुसलं जातं, म्हणून तारीख-वेळ लिहून ते राखून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा आणि पोच घ्यावी. अत्याचार झाला असेल तर अंघोळ आणि कपडे धुणं टाळून तिला आधी दवाखान्यात न्यावं, कपडे प्लॅस्टिकऐवजी कागदी पिशवीत. उपचार नाकारता येत नाहीत आणि पैसेही घेता येत नाहीत, दवाखाना सरकारी असो की खासगी. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून 'उद्या बघू' नको.

पुस्तिकेत अजून ३५४-अ, ३५४-ड ही भारतीय दंड संहितेची कलमं छापलीत. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना ती लागू नाहीत. चंदगडहून बेळगावात शिकायला येणाऱ्या मुलींसाठी त्याच दिवशी लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) कलम १७३ महत्त्वाचं: घटना बेळगावात झाली, मुलगी घाबरून घरी गेली, तरी चंदगड ठाण्याला फिर्याद घ्यावी लागते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्यांना याहून उपयोगी कलम नाही, आणि ते पुस्तिकेत नाही.

तर गुण? सरावाला पाचपैकी पाच, पुस्तिकेला दोन, चाचणीला एक. कॉलेजनं हे सत्र ठेवायचं ठरवलंच तर ठरवताना चार गोष्टी मागून घ्याव्यात: मराठी पुस्तिका, नव्या संहितेची कलमं, पॉक्सोसाठी किमान अर्धा तास, आणि अकरावा प्रश्न बदलून. शिवाय खिशात मावेल असं एक कार्ड: एका बाजूला समितीच्या अध्यक्षांचं नाव आणि नंबर, दुसऱ्या बाजूला ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, मोफत वकिलासाठी १५१००. अध्यक्ष बदलल्या की कार्डही बदलायला लागतं. सत्राच्या दिवशी वाटलेल्या कार्डावर ती जागा कोरी होती.